तारा पाड्यावरून जातात तेव्हा
(रबाळे येथे झालेल्या सहकारी व देणगीदारांच्या सभेतील भाषण)



बालवाड्या, वसतिगृह आणि आरोग्य शिबिरांचा अहवाल आपण आताच ऐकला. माझा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकांवरून थोडी कुजबुज ऐकू आली. "उपकेंद्र" म्हटले की पाड्यांवर फिरणाऱ्या आपल्या ताईंना आरोग्य उपकेंद्र आठवते, नर्सबाई आठवतात. मी मात्र विजेच्या उपकेंद्राविषयी, म्हणजे सबस्टेशनविषयी बोलणार आहे. ते कुठे उभारायचे, त्याला परवानगी कोण देतो आणि त्याच्या तारा ज्यांच्या डोक्यावरून जातात त्यांना काय विचारले जाते, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय रबाळ्यात निघाला हे योग्यच झाले. आपल्या पूर्वेला औद्योगिक पट्टा आहे, त्यामागे पारसिकचा डोंगर, आणि डोंगरउतारावर विजेचे मनोरे. ऐरोलीजवळचे कळवा उपकेंद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आपल्याला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, इस्पितळे जनरेटरवर आली. त्यात कळवा आणि पडघे यांना जोडणाऱ्या वाहिन्यांमधला बिघाड होता. पडघे भिवंडी तालुक्यात आहे. आपल्या घरातला पंखा कोणत्या गावांच्या, कोणत्या डोंगरांच्या वरून आलेल्या विजेवर फिरतो हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळले.

त्याच मार्गांवर आपले पाडे आहेत. रबाळ्यातच कातकरीपाडा आहे. पुढे कर्जत, खालापूर, पनवेल, पेण या तालुक्यांत कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. शहापूर, वाडा, विक्रमगड, जव्हारकडे वारली, मल्हार कोळी, कातकरी, ठाकर आहेत. वीज वरून जाते आणि खाली दिवा उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, असे पाडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत.

तेव्हा आधी हे स्पष्ट करतो की मी उपकेंद्राच्या विरोधात बोलायला उभा नाही. उपकेंद्र नसेल तर पाड्यावर पंप चालत नाही, मुलांना संध्याकाळी वाचता येत नाही, आरोग्य केंद्रात लस थंड राहत नाही. प्रश्न ते कसे उभारले जाते याचा आहे.

दोन प्रकारची उपकेंद्रे

मोठे उपकेंद्र ४००, २२० किंवा १३२ किलोव्होल्टचे असते. दूरवरून आलेली वीज ते घेते आणि दाब कमी करून पुढे पाठवते. लहान उपकेंद्र ३३/११ किलोव्होल्टचे असते. तिथून ११ किलोव्होल्टची वाहिनी निघते, गावातल्या रोहित्रापर्यंत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तिथपर्यंत येते, आणि डीपीवरून घरात २३० व्होल्ट मिळतात. पाड्याचा दिवा लहान उपकेंद्रावर अवलंबून असतो. मोठ्या उपकेंद्राशी पाड्याचा संबंध बहुधा मनोऱ्यामुळेच येतो. मनोऱ्याखालची पट्टी मोकळी ठेवावी लागते. १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी ती साधारण २७ मीटर रुंद असते, २२० साठी ३५ मीटर, ४०० साठी ४६ मीटर किंवा अधिक. त्या पट्टीत घर बांधता येत नाही आणि उंच झाडे वाढू देत नाहीत. आंबा, काजू, मोह, साग यांच्यावर ज्याचे वर्ष निघते त्याच्यासाठी ३५ मीटर म्हणजे काय, हे तुम्हीच ताडून पाहा.

परवानगीचे दरवाजे

पुष्कळांची अशी समजूत आहे की एवढे मोठे काम म्हणजे पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी होतच असणार. तसे नाही. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. तिच्या यादीत औष्णिक प्रकल्प आहेत, जलविद्युत प्रकल्प आहेत, खाणी आहेत; वीजवाहिन्या आणि उपकेंद्रे नाहीत. म्हणून नुसत्या उपकेंद्रासाठी त्या अधिसूचनेखालची जनसुनावणी होत नाही. ती होईल म्हणून वाट पाहत बसलो, तर वेळ निघून जाते.

मग लोकांना बोलता येते असे दरवाजे कोणते?

पहिला दरवाजा जागेचा. जमीन शेतीची असेल तर बिगरशेती वापराचा आणि नगररचनेचा प्रश्न येतो. जमीन आदिवासीच्या नावावर असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ लागू होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय ती जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि विक्रीसारख्या व्यवहाराला शासनाचीही मान्यता लागते. जमीन गायरान असेल तर दुसरी जागा उपलब्ध नाही हे दाखवावे लागते. २०११ चा शासन निर्णय तसे सांगतो. अलीकडे याला एक नवी बाजू आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिसरातली सरकारी जमीन सौर प्रकल्पांसाठी शोधली जाते. योजना चांगली आहे. पण ज्या पाड्याच्या शेळ्या त्याच गायरानावर चरतात, त्या पाड्याने उपकेंद्राची बातमी ऐकताच आपल्या चराईचाही विचार केला पाहिजे.

दुसरा दरवाजा जंगलाचा. वनजमीन लागणार असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते.

तिसरा दरवाजा २००६ च्या वनहक्क कायद्याचा. आपल्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

चौथा दरवाजा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेचा. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. वाडा, जव्हार, डहाणू इथे ते लागू आहेत. रायगड जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे कर्जत-खालापूरच्या वाड्यांना पेसाचा आधार नाही. तिथे वनहक्क कायद्यावरच उभे राहावे लागते. एका जिल्ह्यात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाडीवर सांगताना आपल्या कार्यकर्त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

खाडीकाठी आणखी एक दरवाजा आहे. सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीही कांदळवन तोडायचे तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. खारघर–विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी त्या वाटेने गेली. फ्लेमिंगोंसाठी न्यायालयाचा उंबरठा चढावा लागतो हे मला मान्य आहे. पाड्यावरच्या माणसांसाठी निदान ग्रामसभेचा उंबरठा तरी चढला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

एक पत्र आणि त्यातला अपवाद

३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सांगितले की वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. पुढे ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे, नळवाहिन्या आणि वीजवाहिन्या अशा लांबच लांब जाणाऱ्या कामांना या संमतीतून सूट मिळाली. "तार आहे, संमती लागत नाही," असे आपल्याला सांगितले जाते ते या पत्राच्या आधारे.

पण त्याच पत्रात एक अपवाद आहे. आदिम जमातींचे मान्य झालेले हक्क बाधित होत असतील तर ही सूट नाही. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे कातकरी वाडीचे वनहक्क बाधित होत असतील, तर "तार आहे" हे उत्तर पुरेसे नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अपवाद "मान्य झालेल्या" हक्कांचा आहे. दावा अजून फाइलीत पडून असेल तर हा आधार लंगडा पडतो. म्हणून वाडीचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे वेळेत मंजूर होणे हेच खरे संरक्षण आहे. मनोऱ्याचा आखणी करणारा माणूस आल्यावर दावा भरायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. तरीही दावा प्रलंबित आहे म्हणून कुणी निराश होऊ नये. त्याच कायद्याचे कलम ४(५) सांगते की पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की पत्रात सूट वाहिनीला आहे. उपकेंद्र ही रेषा नव्हे, ती एका जागेवर कुंपण घालून बसणारी वास्तू आहे. ते वनजमिनीवर येत असेल तर ग्रामसभेने संमतीचा प्रश्न लेखी विचारावा. २०२२ च्या नियमांपासून वनहक्क कायद्याचे पालन झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी राज्य शासनावर आहे. तेव्हा पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्यावे आणि पोच घ्यावी.

पाड्याच्या स्वतःच्या दिव्यासाठी

आता दुसरी बाजू. अनेक पाड्यांवर वीज गेली नाही कारण मध्ये जंगल आहे आणि "वनखाते खांब उभे करू देत नाही" असे सांगून विषय मिटतो. याच वनहक्क कायद्याचे कलम ३(२) इथे कामी येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी यांच्याबरोबर वीज आणि दूरसंचार तारांसाठीही, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. हा प्रस्ताव दिल्लीला पाठवावा लागत नाही, विभागीय वनाधिकाऱ्यांच्या पातळीवर निर्णय होतो. म्हणजे खांबांची ओळ अडली असेल तर पहिला कागद ग्रामसभेचा ठराव हाच आहे, आणि तो आपण पाड्यावर बसून लिहून घेऊ शकतो. कातकरी वाड्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पीएम-जनमन योजनेतही घरोघरी वीज देण्याची तरतूद आहे.

भरपाई कोणाला?

मनोऱ्यासाठी बहुधा जमीन संपादित करत नाहीत. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली वीज कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. मालकी शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला वापराचा हक्क मिळतो. शेतकऱ्याने अडवले तर जिल्हादंडाधिकारी आदेश देऊ शकतात. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

तार कायद्याच्या कलम १० मध्ये दोन गोष्टी आहेत. नुकसान कमीत कमी करायचे, आणि जे झाले त्याची पूर्ण भरपाई हितसंबंध असलेल्या सर्वांना द्यायची. फक्त सातबारावरच्या मालकालाच द्यायची, असे तिथे म्हटलेले नाही. खंडाने कसणारा, दळीची जमीन पिढ्यान्पिढ्या करणारा, वनपट्टाधारक यांचे पीक किंवा झाड गेले असेल तर त्यांनाही मागणी करता येते. केंद्र शासनाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्टीला जास्तीत जास्त १५ टक्के असे होते. जून २०२४ च्या सूचनांत ते २०० टक्के आणि ३० टक्के झाले. राज्य शासनाचे स्वतंत्र निर्णय असतात. आपल्या वाहिनीला कोणता निर्णय लागू आहे ते लेखी विचारावे. आणि पंचनाम्यावर अंगठा देण्याआधी झाडे मोजून घ्यावीत. एकदा तोडलेला मोह कागदावर किती मोठा होता, हे मग कुणी मान्य करत नाही.

कुंपणाच्या आतले धोके

उपकेंद्रातल्या रोहित्रात थंडाव्यासाठी तेल असते. मोठ्या रोहित्रात ते हजारो लिटर असते. ते गळले तर जमिनीत मुरते, पावसाळ्यात ओढ्याला लागते, आणि ओढ्याखाली वाडीची विहीर असते. म्हणून २००० लिटरपेक्षा जास्त तेल असलेल्या रोहित्राखाली तेल शोषणारा खड्डा असावा असा सुरक्षा नियम आहे. वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते, ते बादलीने कुणाला देऊन टाकायचे नसते. आवारात खडी पसरलेली असते ती शोभेसाठी नव्हे. जमिनीत वीज उतरली तर पायाला बसणारा झटका कमी व्हावा आणि तेलाची आग पसरू नये, म्हणून ती असते. काही स्विचमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापमानवाढ करतो. तो सुटू न देता परत भरून घ्यावा लागतो.

पाड्यांवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, "या तारांमुळे कर्करोग होतो का?" भीती घालू नये आणि थट्टाही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला "कदाचित कारक" या गटात ठेवले, कारण पुरावा मर्यादित होता. हे क्षेत्र तारेपासून दूर जाल तसे झपाट्याने कमी होते. खरा, रोजचा धोका वेगळा आहे: तारेखाली घराची उंची वाढवणे, लांब ओली काठी घेऊन फळे पाडणे, तुटून पडलेल्या तारेला हात लावणे, मनोऱ्याच्या तणाव्याला बैल बांधणे. आपल्या बालवाडीत हे चित्रे काढून शिकवता येईल, त्याला खर्च नाही.

विकास अडवता का?

असे आपल्याला विचारले जाईल, आणि प्रश्न खोटा नाही. एक मनोरा दोन वर्षे अडला तर पुढच्या तालुक्यातल्या कुणाचा तरी दिवा दोन वर्षे लांबतो. तोही कदाचित पाडाच असतो. म्हणून हरकत लवकर आणि नेमकी असावी. आखणीच्या वेळी मनोरा पन्नास मीटर सरकवणे सोपे असते, पाया भरल्यावर जवळजवळ अशक्य. "आम्हाला नको" यापेक्षा "विहिरीच्या वरच्या अंगाला नको, गायरानाच्या त्या टोकाला चालेल" असे म्हणणाऱ्या ग्रामसभेचे ऐकणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते.

जागा बदलता येते, तार जमिनीखालूनही नेता येते. वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून मुंबईतल्या आरेपर्यंत १००० मेगावॅटची सुमारे ८० किलोमीटरची वाहिनी आखली गेली, तिचा ५० किलोमीटरचा भाग जमिनीखालून आणि ३० किलोमीटर मनोऱ्यांवरून. दोन्ही टोकांना आदिवासी वस्ती आहे हे लक्षात घ्या. आरेमध्येही पाडे आहेत. जमिनीखालची तार कित्येक पट महाग पडते, म्हणून ती सगळीकडे मागणे व्यवहार्य नाही. पण दाट वस्तीसाठी ती परवडते आणि एखाद्या वाडीच्या माथ्यावरून जाताना तिचा विचारही होत नाही, हा फरक का, एवढे विचारण्याचा हक्क वाडीला आहे.

डहाणूचे उदाहरणही आपल्याजवळचे आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. तिथे मोठ्या कामाला एका टेबलासमोर उत्तरे द्यावी लागली. बाकीच्या तालुक्यांत असे एक टेबल नाही. पाच दरवाजे आहेत आणि प्रत्येकावर वेगळा साहेब आहे. पाड्यावरच्या माणसाने एकट्याने ते फिरायचे म्हणजे पाच दिवसांची मजुरी बुडणार.

आपण काय करू शकतो

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. अहाब राजाने सुरुवातीला जबरदस्ती केली नव्हती. त्याने दुसरा चांगला मळा देऊ केला, नाहीतर पैसे देऊ केले, आजच्या भाषेत मोबदला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन म्हणून नकार दिला, आणि मग गावचे वडीलजन, खोटे साक्षीदार आणि राजाची मोहर असलेली पत्रे कामाला लागली. कागद त्याच्याविरुद्ध तयार होत होते तेव्हा त्याच्या बाजूने कागद वाचणारा कुणी नव्हता. आपल्याला ते एक काम नक्की करता येईल.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. प्रत्येक मंडळीतून एक-दोन जण असे निघावेत की जे वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचतील. वाहिनीची सूचना बारीक अक्षरांत येते, गावांची नावे देते आणि हरकतीची मुदत ठेवते. आपल्या कामाच्या गावाचे नाव दिसले की त्याच दिवशी कार्यकर्त्याला कळवावे. दुसरे, ज्या वाड्यांत आपण जातो तिथल्या वनहक्क दाव्यांची यादी करावी: किती भरले, किती मंजूर, किती प्रलंबित. तिसरे, ग्रामसभेच्या दिवशी सोबत जावे. बोलायचे वाडीतल्या माणसांनी, आपण गणपूर्ती भरते का ते पाहावे. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद आणि उपस्थितांत निदान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. त्या दिवशी बाया मजुरीवर गेल्या तर ठराव पोकळ राहतो. त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीची सोय हा आपल्या देणगीचा चांगला उपयोग आहे. चौथे, आपल्यात विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, तहसील कचेरीत नोकरी केलेले, वकिली करणारे बांधव आहेत. महिन्यातला एक शनिवार त्यांनी द्यावा.

आज रात्री घरी जाऊन आपण दिवा लावू, तेव्हा त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. वीज हे चांगले दान आहे. पण ते दान ज्यांच्या माथ्यावरून आपल्याकडे येते, त्यांची नावे आपल्या प्रार्थनेत असावीत आणि त्यांचे कागद आपल्या पिशवीत असावेत. सभेनंतर दाराशी एक वही ठेवली आहे. जाहीर सूचना वाचायला आणि शनिवार द्यायला जे तयार असतील, त्यांनी त्यात नाव आणि आपल्याला सोयीचा तालुका लिहावा. पावसाळ्यात आखणीची कामे मंदावतात. तोवर दाव्यांच्या याद्या तयार झाल्या तर दिवाळीनंतर मोजणीची माणसे येतील तेव्हा वाडी गाफील राहणार नाही.

प्रभू आपल्या हातांचे काम सिद्धीस नेवो.